एकतीस माणसांचं आडनाव

दादाचं आडनाव लावणारी माणसं सगळ्या जगात मिळून एकतीस आहेत. हा आकडा उगाच अंदाजपंचे ठोकलेला नाही. दादाने स्वतः मोजलेला आहे, आणि दादा मोजायला बसला की टाचणीही सुटत नाही. ते आडनाव इथे छापलं तर दादाचा पत्ताच छापल्यासारखं होईल. एकतीस माणसांत कोणी लपायचं म्हटलं तरी लपणार कुठे? तेव्हा ते राहू दे.

दादा हा खरं तर एकटीचाच दादा, त्याच्या धाकट्या बहिणीचा. पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिने ऑफिसात फोन करून "दादा आहे का?" असं विचारलं, शिपायाने हॉलभर आरोळी ठोकली, "दादा, तुमचा फोन!", आणि तिथून पुढे साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचा तो दादा झाला. बहिणीला घरात धाकटी म्हणत. आई गेली, वडील गेले, ती स्वतः बासष्ट वर्षांची होऊन दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीवरून रिटायर झाली, तरी ती धाकटीच. घर दुमजली, एकाच जिन्याचं. खाली ती, वर दादा. दादाची बायको तीन वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ झालं नाही, आणि तेव्हापासून दोघांचा स्वयंपाक खालीच होतो.

दादा पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होता. शहराच्या पोटात जे नळ गेलेत त्यांचे नकाशे काढायचे, हे काम. लांबलचक तिरकं टेबल, त्यावर टाचण्यांनी ताणून बसवलेला ट्रेसिंग पेपर, डाव्या हाताला पेन्सिली, उजव्या हाताला शाईची पेनं. नोकरीच्या सुरुवातीला एका मुकादमाने "दवाखान्यामागच्या गल्लीत जुनी लाइन आहे, मी सांगतो ना" असं छातीठोकपणे सांगितलं आणि दादाने ती शाईने काढून टाकली. पुढे गळती निघाली. त्या नकाशावर भरवसा ठेवून माणसांनी तीन दिवस रस्ता खणला. लाइन तर नव्हतीच, साधा जुना दगडही निघाला नाही. इंजिनिअरसाहेबांनी दादाला बोलावून नुसतं खड्ड्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतः निघून गेले. खड्ड्यातली माणसं मान वर करून दादाकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून दादाचा कायदा ठरला. ऐकलेली लाइन तुटक पेन्सिलीने. कागदावर सापडलेली लाइन सलग पेन्सिलीने. आणि खणून, डोळ्यांनी पाहिलेली असेल तीच शाईने. पस्तीस-चाळीस वर्षांत मुकादम बदलले, साहेब बदलले, त्याचा कायदा काही बदलला नाही. हा कायदा तो घरीही घेऊन यायचा. "रविवारी सिनेमाला जायचं का?" असं धाकटीने विचारलं की म्हणायचा, "पेन्सिलीने धर." धाकटी लहानपणापासून चेष्टेखोर, पण ही भाषा तिने जशीच्या तशी उचलली. मैत्रिणीचं लग्न ठरल्याचं सांगतानाही म्हणायची, "अजून पेन्सिलीत आहे हं, कोणाला बोलू नकोस."

आता हे आडनाव मोजण्याचं खूळ कुठून आलं, तर एका फॉर्मवरून. पंचविशीत दादाने कसलासा सरकारी फॉर्म भरला. खिडकीपलीकडच्या कारकुनाने तो परत सरकवला. "हा हुद्दा झाला. इथे आडनाव लिहा." दादा म्हणाला, "तेच आहे." कारकुनाने शेजारच्या कारकुनाला दाखवलं, त्याने तिसऱ्याला. तिघांनी मिळून ठरवलं की असं आडनाव असत नाही. दादा दुसऱ्या दिवशी वडिलांचे, आजोबांचे कागद घेऊन गेला तेव्हा कुठे फॉर्म आत गेला. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आपण आहोत तरी किती?

मग त्याने टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळल्या, मतदार याद्या चाळल्या, शाळांमध्ये जाऊन जुनी दाखल्यांची बुकं पाहिली. सापडलेल्या प्रत्येक घराला एक जोडकार्ड पाठवलं. अर्धं वाचायचं, अर्धं फाडून परत पाठवायचं. त्यावर प्रश्न एकच: आपल्या घरात हे आडनाव लावणारी माणसं किती? पहिल्या मोजणीत अठ्ठावन्न निघाली. जवळजवळ सगळी जुन्या कालव्याच्या काठाकाठाने, एसटीने दीड दिवसात संपतील एवढ्या पट्ट्यात. नऊ जण एकाच गल्लीत, एक बोटीवर, दोघे परदेशात. धंदे म्हणाल तर शिंपी, नर्स, दोन मास्तर, एक बँडवाला. पाण्याच्या खात्यात एकटा दादा.

दर पाच वर्षांनी हा कार्यक्रम चालू राहिला. एका गृहस्थांनी प्रत्येक वेळी उलट विचारलं की वाटणीला काही जमीनजुमला निघतोय का, असल्यास लवकर कळवावे. एका मास्तरांनी दादाच्याच पत्रातले स्वल्पविराम लाल शाईने दुरुस्त करून पाठवले. एका घराने कुत्रा धरून आकडा कळवला. दादाने विचार करून कुत्र्याला पेन्सिलीत ठेवलं. आकडा मात्र दर खेपेला घसरत होता. मुली लग्न करून दुसऱ्या नावात जायच्या, दोन घरांनी चेष्टेला कंटाळून आडनावच बदललं, म्हातारे जात राहिले. अठ्ठावन्नचे एकावन्न, एकावन्नचे शेहेचाळीस. दादाला हे घरातलं माणूस गेल्यासारखं लागायचं. "आपण संपत चाललोय," तो जेवताना म्हणायचा, आणि त्याची बायको म्हणायची, "आधी ताटातलं संपवा."

दादाच्या एकतिसाव्या वर्षी शहराच्या डिरेक्टरीत या आडनावाच्या दोनच ओळी होत्या. एक त्यांचं घर, दुसरा एक चष्मेवाला. बाजारपेठेच्या मागच्या रस्त्याला त्याचं अरुंद दुकान होतं, काचा घासायचं यंत्र खिडकीशी मांडलेलं. गिऱ्हाइकांना डिरेक्टरीत वरची ओळ आधी दिसायची, म्हणून त्याचे फोन यांच्या घरी यायचे. "माझा चष्मा झाला का हो?" धाकटी तेव्हा सत्तावीस वर्षांची. आधी ती "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायची. मग त्या लोकांची कीव यायला लागली, कारण बिचाऱ्यांना डिरेक्टरीतलं बारीक दिसत नाही म्हणूनच तर चष्मा हवा होता. ती निरोप लिहून घ्यायला लागली आणि संध्याकाळी चष्मेवाल्याला एकदम कळवायला लागली. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं. सहा महिन्यांनी तासभर. निरोप तेवढेच होते.

चष्मेवाला घरी आला तो जानेवारीत. उंच, थोडा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या चष्म्याकडे बघणारा. वडिलांना आवडला. आईलाही आवडला, पण तिच्या मनात एक काटा होता. आडनाव एकच. "भावकी तर नाही ना रे निघत?" तिने दादाला विचारलं. "तुझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे, तूच बघून सांग."

दादाकडे तोवर वंशवेल तयार होत आली होती. खात्यातल्याच जाड ट्रेसिंग पेपरचं दोन हात लांब भेंडोळं, सगळी घरं मांडलेली. दोन टोकं तेवढी जुळत नव्हती. दादाचे पणजोबा कालव्यावर नोकरीला होते. चष्मेवाल्याचेही पणजोबा कालव्यावर, त्याच सुमारास. एक आडनाव, एक नोकरी, एक साल. भाऊच असणार, दुसरं काय? दादाच्या मनात हे कधीपासून होतं आणि तिथे पेन्सिलीची तुटक रेघ होती.

आता खरं सांगायचं तर चष्मेवाला दादाला फारसा आवडला नव्हता. पहिल्याच भेटीत त्याने ती वंशवेल उलगडून पाहिली आणि हसून म्हणाला होता, "एवढा खटाटोप कशाला? आपण थोडेच वाघ आहोत, नामशेष व्हायला!" सगळे हसले. धाकटी सगळ्यात जास्त हसली. दादाला ते झोंबलं. शिवाय सगळी घरं एका माणसापासून निघालेली दाखवता आली असती तर वेल पुरी झाली असती, आणि अपुरं चित्र दादाला बघवत नसे. रविवारी दुपारी त्याने शाईचं पेन घेतलं आणि ती तुटक रेघ पक्की केली. दोन पणजोबा सख्खे भाऊ झाले. संध्याकाळी त्याने भेंडोळं खाली नेऊन सगळ्यांसमोर उलगडलं. आई म्हणाली, "मग हे जमायचं नाही. घरातल्या घरात कसं करणार?" धाकटीने त्या रेघेकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि आत निघून गेली. पुढच्या आठवड्यात तिने चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलं. वर्षभरात त्याने दुकान दुसऱ्या गावी हलवलं. धाकटीने नंतर लग्न केलं नाही. कोणी स्थळ आणलं की म्हणायची, "केसपेपरची लाइन बघितलीत का केवढी असते, मला वेळ कुठाय?"

शाईचा एक गुण आहे. ती वाळली की काढणाऱ्यालाही खरी वाटायला लागते. दोन-चार वर्षांत दादा विसरूनच गेला की त्या रेघेखाली कागद नाही. कोणी वेल पाहायला मागितली तर तो तिच्यावरूनही बोट फिरवून सांगायचा, हे दोघे सख्खे भाऊ.

गेल्या महिन्यात खात्याच्या रेकॉर्ड रूममधून फोन आला. तिथल्या बाई दादाच्या हाताखाली शिकलेल्या. "दादा, कालव्याचं जुनं ऑफिस बंद झालं, त्यांचे खोके आलेत. निम्मे रद्दीत जाणार. एक हजेरीपट निघालाय, त्यात सगळीकडे तुमचंच आडनाव आहे. येऊन बघा लवकर."

दादा जेवणही न करता गेला. तळघरातली खोली, लोखंडी मांडण्या, एक ट्यूबलाइट फडफडणारी. बाईंनी टेबल पुसून हजेरीपट समोर ठेवला. दादाने पान उघडलं आणि त्याचे डोळे चमकले. चाळीस वर्षं शोधत होता ते होतं. कालव्याला पाणी सोडायची बारा दारं होती. प्रत्येक दार ठरल्या उंचीवर रोखायला एक लाकडी पाचर लागायची, आणि ती ठोकायला एक माणूस. त्या पाचरेवरून त्या कामगाराला जो शब्द होता, तोच पुढे आडनाव झाला. म्हणजे तो कारकून बरोबर होता, तो हुद्दाच होता! ओव्हरसिअरने बारा माणसांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे तोच शब्द ठोकून दिला. दादा लहान मुलासारखा बाईंना सांगायला लागला. "बघा, बघा, इथून सुरू झालं आमचं. हे माझे पणजोबा, चौथं दार."

"आणि हे बाकीचे?" बाईंनी विचारलं. "एवढे सगळे तुमचेच?"

दादाने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. बापाचं नाव. मूळ गाव. बारा ओळी, बारा बाप, बारा गावं. चौथ्या दारावरचा माणूस उत्तरेकडून आलेला, नवव्या दारावरचा, म्हणजे चष्मेवाल्याचा पणजोबा, समुद्राकडून. दोघांच्या गावांमध्ये चालत गेलं तर पंधरा दिवस लागले असते. कोणी कोणाचं नव्हतं. एका नोकरीला लागले होते, एवढंच. दादा खुर्चीवर बसला. बाईंना वाटलं त्याला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं. दादा पाणी प्यायला आणि म्हणाला, "काही नाही. मी एक लाइन चुकीची काढली होती."

पुढचे आठ दिवस तो अर्धं ताट तसंच ठेवून उठायचा. सांगावं तर कोणत्या तोंडाने? आणि न सांगावं तर रोज तिच्या हातचं जेवावं कसं? बायको गेल्यापासून त्याला हाक मारणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. तेही उठून गेलं तर? तो स्वतःशी हिशेब मांडायचा. छत्तीस वर्षं झाली. तिला आता काय फरक पडतो? मग लगेच त्यालाच स्वतःची लाज वाटायची. धाकटीने दोन दिवस विचारलं, "पोट बिघडलंय का?" तिसऱ्या दिवशी न विचारता मऊ भात केला. त्या भाताने तर तो पुरता कोलमडला.

रविवारी सकाळी त्याने वेल टेबलावर ताणली. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही, ब्लेडने हलक्या हाताने खरवडावी लागते. दादाचा हात या कामात सगळ्या खात्यात वाखाणलेला. तेवढ्यात धाकटी चहा घेऊन वर आली.

"काय खरवडतोयस?"

"एक रेघ चुकलीय."

तिने कप ठेवला, चष्मा नाकावर ओढला आणि वाकून पाहिलं. दोन हात लांब कागद, दीडशे रेघा. तिचं बोट थेट त्याच रेघेवर गेलं.

"ही?"

"ही."

दादाने ब्लेड खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. ऑफिसात रिपोर्ट द्यावा तसं, क्रमाने. हजेरीपट, बारा दारं, बारा गावं. धाकटीने ते ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे आमचं काहीच नातं नव्हतं."

"नव्हतं."

"तेव्हा तुझ्याजवळ एखादा कागद तरी होता का?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही गं. मला वाटलं म्हणून काढली. आणि तो मला हसला होता, त्याचा राग होता. चुकलो मी, धाकटे. फार वाईट चुकलो."

धाकटी खुर्ची ओढून बसली. रडली वगैरे नाही. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या, तिकडे बघत राहिली.

"तुला काय वाटतं, मी आईचं ऐकून थांबले?" ती म्हणाली. "आईला मी चार दिवसांत वळवली असती. बाबा तर माझ्याच बाजूचे होते. आणि तोही म्हणाला होता, तुझ्या दादाला विचार, कागद दाखव म्हणावं. मीच विचारलं नाही. मी त्याला म्हटलं, तुला माझा दादा माहीत नाही. त्याने शाईने काढलंय म्हणजे त्याने पाहिलं असणार. भांडले मी त्याच्याशी तुझ्यासाठी."

दादाने तोंड ओंजळीत घेतलं. त्याला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

चहा गार झाला. मग तिने विचारलं, "त्याला पाठवतोस का तू ते कार्ड? मोजणीचं?"

"पाठवतो. तो दर वेळी उत्तर देतो."

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. या घरात तो विषय निघत नसे.

"या वेळी काय लिहिलं त्याने? घरात किती?"

दादाने कागदाची सुटलेली टाचणी दाबून बसवली.

"दादा, किती?"

"एक."

"त्याच्याआधी?"

"एक."

"त्याच्याही आधी?"

दादाने वही काढली नाही. त्याला पाठ होतं. तो गाव बदलून गेला तेव्हापासून सात मोजण्या झाल्या होत्या आणि सातही कार्डांवर त्याने तेवढंच लिहिलं होतं. खाली सही, बाकी काही नाही. "प्रत्येक वेळी एकच," तो म्हणाला.

"आणि तू दर वेळी मांडून घेतलंस."

"हो."

"आपण संपत चाललो म्हणून जेवताना रडायचास."

धाकटी उठली. त्याचा गार झालेला कप उचलला, स्वतःचा उचलला आणि दाराशी जाऊन थांबली. "पत्ता सांग त्याचा."

त्याने सांगितला, पिनकोडसकट. तिने तो एकदा पुटपुटून घेतला.

"पत्र पाठवतेस? मी लिहून देऊ?"

"पत्र नको. दहाची गाडी मिळेल मला. भात कुकरमध्ये आहे, आमटी गरम करून घे."

दादाही उठला. "मी येतो ना बरोबर. मीच सांगतो त्याला. माझी चूक आहे, मीच सांगायला पाहिजे."

धाकटी दोन पायऱ्या उतरली होती. तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "तू मोजत बस."